छपाई एक नंबर, वेलांटी मात्र आपली आपण बघा

फ्रीलान्स लेखन सुरू करून तीन वर्षं झाली तरी व्हिजिटिंग कार्ड काढलं नव्हतं. म्हटलं लिंक्डइन आहे, व्हॉट्सॲप आहे, आता कार्ड कोण ठेवतंय. पण मराठी कामं देणारी मंडळी लिंक्डइनवर भेटत नाहीत हो! दिवाळी अंकवाले, सोसायटीच्या पन्नाशीची स्मरणिका काढणारे काका, नवीन क्लिनिक टाकलेले डॉक्टर, हे सगळे समोर भेटतात आणि विचारतात "कार्ड आहे का?" आणि मी वहीचा कागद फाडून नंबर द्यायचो. शेवटी नारायण पेठेतल्या एका दुकानात गेलो. नाव सांगत नाही, का ते कळेलच.

100 कार्डं डिजिटलमध्ये 400 रुपये. ऑफसेटला एका कार्डाची किंमत कमी पडते पण 1000 घ्यावी लागतात, एवढी वाटायला मी काय निवडणुकीला उभा आहे? कागद 300 जीएसएम, साडेतीन बाय दोन इंच, कटिंग अगदी सरळ. मालकांनी एक गोष्ट आपणहून सांगितली, मॅट लॅमिनेशन पुढच्याच बाजूला करा, मागे केलंत तर त्यावर पेन चालत नाही आणि लोक कार्डाच्या मागेच लिहून ठेवतात. याला पूर्ण मार्क.

आता घोळ. मी मजकूर युनिकोडमध्ये दिला, त्यांच्याकडे कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन, पेस्ट केल्यावर "जाहिरात"मधली वेलांटी जाऊन बसली पुढच्या "रा"वर. मग ऑपरेटर म्हणाला थांबा, श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, परत टाइप करतो. केलं, तपासायला जेपीजी व्हॉट्सॲपवर आला, मी सिग्नलला उभा होतो, गाडीवरूनच ओके पाठवला. कार्डावर काय छापून आलं? "लेखन, अनुवाद, मुद्रीतशोधन". दीर्घ वेलांटी! मुद्रितशोधकाच्या, म्हणजे प्रूफं तपासणाऱ्याच्याच कार्डावर!!

आणि हे मला दिसलंच नाही. दहाबारा कार्डं वाटून झाल्यावर एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कार्ड हातात घेतलं, खिशातली पेन्सिल काढली, वेलांटीवर गोल केला आणि परत दिलं. "हे प्रूफ कोणी तपासलं?" मेलो तिथेच. पण माणूस चांगला, हसले आणि अंकाचा 16 पानांचा एक फॉर्म (एकत्र छापायच्या पानांचा संच) तपासायला दिला, तो नीट झाला म्हणून पुढचे तीन मिळाले. दिवाळी अंकवाल्यांकडे गणपतीच्या आधी गेलात तरच हे होतं बरं का, नंतर त्यांना मान वर करायला वेळ नसतो.

दुकानदारांनी फेरछपाईचे अर्धे पैसे घेतले. तुम्ही ओके दिला होतात म्हणाले, आणि तो मेसेज माझ्याच मोबाइलमध्ये आहे त्यामुळे वाद घालायची सोयच नव्हती. तरी चूक टाइप केली कोणी, हे मी विचारलंच.

पाचपैकी साडेतीन स्टार. जायचं असेल तर मजकूर पीडीएफमध्ये, अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे आकार करून) न्या, म्हणजे फॉन्टची भानगडच नाही, आणि प्रूफ घरी बसून, कागदावर काढून बघा.

नव्या कार्डांवर आत्तापर्यंत चार फोन, त्यातली दोन कामं झाली. जुनी ऐंशीएक उरलीत, मागची बाजू कोरी आहे आणि पेन खरंच छान चालतं, घरी भाजीची यादी आता त्यावरच होते.