चित्रपट मंडळाचा मासिक खेळ: निवड उत्तम, मध्यंतर नको

सोलापूरच्या पूर्व भागात एक लहानसे चित्रपट मंडळ दरमहा एक चित्रपट दाखवते. या वेळी जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’ होता. ओनोमिची या बंदराच्या गावचे वृद्ध दांपत्य टोकियोतील मुलांकडे जाते, डॉक्टर मुलाला आणि ब्युटी पार्लर चालवणाऱ्या मुलीला त्यांच्यासाठी सवड होत नाही, आणि युद्धात गेलेल्या मुलाची विधवा पत्नी नोरिको मात्र रजा काढून त्यांना शहर दाखवते. सव्वादोन तासांत घडते ते जवळपास एवढेच. शेंगाचटणीचा डबा घेऊन हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याच्या मुलांकडे जाणाऱ्या आमच्या वयाच्या प्रेक्षकांना ते समजावून सांगावे लागले नाही.

या चित्रपटात कोणी दुष्ट नाही. आईवडिलांसाठी नवऱ्याने एवढा महागाचा खाऊ आणायला नको होता, असे त्याला ऐकवणारी मुलगी आईच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात आठवण म्हणून तिचे कपडे मागते, तेव्हा मागून कुणीतरी “आमच्यात साड्यांचं तसंच होतं” असे पुटपुटले. कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतका खाली असतो आणि क्वचितच हलतो. त्यामुळे खुर्च्या कमी पडल्याने पुढे सतरंजीवर बसलेल्या आम्हां मंडळींचीच सोय अधिक झाली, असे म्हणायला हरकत नाही.

उपशीर्षके इंग्रजी असली तरी प्रवेशद्वारावर पात्रांची नाती सांगणारा मराठी कागद मिळतो, तो फार उपयोगी पडला. भिंतीपलीकडच्या मागांची खडखड आत येते. ओनोमिचीच्या बोटींच्या फटफटीत ती मिसळून गेली, परंतु शांत प्रसंगांत त्रासदायक ठरली.

खरी तक्रार मध्यंतराची आहे. आतामीच्या समुद्रकाठी बांधावरून उठताना म्हातारीला क्षणभर भोवळ येते, नवरा साधी चौकशी करतो आणि दोघे चालू लागतात. पुढचे सारे त्या एका क्षणात आलेले असताना, नेमके तिथेच दिवे लावून चहा फिरवण्यात आला. चहा चांगला होता, पण तो खेळ संपल्यावर द्यावा, असे मी मंडळाच्या अभिप्राय वहीत लिहून आलो आहे; त्याच पानावर आधीच्या दोघांचीही हीच सूचना होती.