सेल्फ हीलिंग पीपीएफ की सिरॅमिक कोटिंग? आधी बिघाड बघा, मग निवडा

नवी गाडी घेतली की डिटेलिंगवाला दोन पर्याय पुढे करतो: सेल्फ हीलिंग (ओरखडे आपोआप भरून काढणारी) पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, किंवा नॅनो सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावून वाळू द्यायचा द्रव थर. दोन्ही चकाकी दाखवून विकतात. मी मात्र एवढंच विचारेन, की उद्या काही बिघडलं तर घरच्या घरी निस्तरता येईल का, आणि नाहीच आलं तर भुर्दंड कशाला बसेल, वरच्या थराला की गाडीच्या मूळ रंगाला?

पीपीएफ ही पॉलियुरेथेनची साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म. ओरखडे भरून काढतो तो तिच्यावरचा पातळ, लवचिक टॉप कोट, आणि त्यासाठी त्याला ऊब लागते. त्यामुळे ‘ओरखडा गेलाच नाही’ असं वाटलं तर आधी पॅनल धुवा, मग गाडी उन्हात लावा किंवा त्या जागी गरम पाणी (उकळतं नको) सावकाश ओता. धुळकट फडक्याने पुसून पुसून उमटलेल्या गोल रेघा अशाने डोळ्यांदेखत नाहीशा होतात. नख फिरवल्यावर अडकलं, तर मात्र फिल्म चिरली आहे असं समजा. ती कितीही तापवली तरी सांधत नाही. हेअर ड्रायर एकाच जागी धरून ठेवू नका, फिल्म सुरकुतते.

फिल्म नवी असताना दिसणारे पाण्याचे फुगे बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप जिरतात. आत धुळीचा कण अडकला असेल तर तो जिरत नाही, ते पॅनल पुन्हा करून घ्यावं लागतं. कडा उचलल्या असतील तर प्रेशर वॉशरचा फवारा अगदी जवळून मारला जातो का, ते बघा. पिवळेपणावर घरगुती इलाज नाही. स्वस्त फिल्म उन्हाने पिवळी पडते, ती काढूनच टाकावी लागते. पण खाली मूळ रंग शाबूत असतो, आणि याचसाठी मी पीपीएफला झुकतं माप देतो.

सिरॅमिकचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. दगड उडून लागला तर तो काहीच अडवत नाही. विकणारे सांगतात ती ‘9एच’ ही पेन्सिलच्या कसोटीवरची कठीणता आहे, ती ऐकून हुरळू नका. पाण्याचे थेंब टपोरे उभे राहणं बंद झालं की लोक म्हणतात कोटिंग गेलं. पुष्कळदा ते बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी फक्त झाकलेलं असतं. सावलीत, गार पॅनलवर व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात घेऊन हलक्या हाताने पुसा आणि लगेच धुवा. तरीही पाणी पसरटच राहिलं तर कोटिंग खरंच झिजलंय. ओरखडा पडला की पॉलिश करावं लागतं, त्यात कोटिंग जातं आणि क्लिअर कोटही (गाडीच्या रंगावरचा मूळ पारदर्शक थर) थोडा घासला जातो. तो साधारण 40-50 मायक्रॉनचाच असतो, म्हणजे असं पॉलिश किती वेळा करायचं याला मर्यादा आहे.

रोज एक्सप्रेसवेवर धावणाऱ्या गाडीला पुढचा बंपर, बॉनेट आणि आरशांना पीपीएफ लावा, बाकी भागाला सिरॅमिक पुरेसं आहे. शहरातल्या शहरात फिरत असाल आणि स्वतः नीट धूत असाल, तर फक्त सिरॅमिक घ्या. पीपीएफचा खर्च त्याच्या कितीतरी पट येतो. जुन्या गाडीचं एखादं पॅनल बाहेरच्या गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेलं असेल तर त्यावर फिल्म लावण्याआधी डिटेलरला तसं सांगा, कारण काढताना कच्चा रंग फिल्मसोबत निघून येऊ शकतो.