तीन-इन-वन माती मीटर, आठ महिने वापरून: पीएचच्या आकड्यांवर शेवटी चिकटपट्टी लावली

दोन दांड्या मातीत खुपसायच्या, बटण सरकवून ओलावा, प्रकाश नाहीतर पीएच (म्हणजे सामू, माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते) बघायचा, बॅटरी नाही. हा मीटर बागकाम करणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेला आहे, म्हणून वर्णन करत बसत नाही. मी तो फक्त पीएचसाठी घेतला होता. त्या एका काट्यावर विश्वास ठेवला आणि चार महिने वाया गेले, एक जास्वंदही गेली. त्यामुळे पुढे बरंचसं पीएचबद्दलच वाचायला मिळेल.

माझ्या दोन्ही जास्वंदींची कोवळी पानं पिवळी पडत होती, शिरा मात्र हिरव्यागार. नत्र कमी असेल तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. शेंड्याची पानं अशी दिसली तर संशय लोहाचा घ्यायचा, एवढं मला माहीत होतं. लोह मातीत बहुधा असतंच, पण सामू वाढला, म्हणजे माती अल्कधर्मी झाली, की ते विरघळत नाही आणि मुळांपर्यंत पोचत नाही. म्हणून सामू बघायला मीटर आणला. पाणी दिलेल्या मातीत काटा ६.८ वर थांबला. उत्तम सामू! तो संशय मी तिथेच सोडून दिला आणि बाकीचं सगळं करत बसले. शेणखत घातलं, गांडूळखत घातलं, निचरा होत नसेल म्हणून माती उकरून पाहिली, पानांवर सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारली. फवारणीनंतर थोडे दिवस बरं दिसायचं, पुढची पालवी पुन्हा पिवळी.

मग एका सकाळी कोरड्या वाफ्यात काटा ७.८ दाखवत होता. पाणी दिलं आणि तासाभराने तिथेच ६.८. दुसऱ्या दिवशी द्रवरूप खत दिल्यावर ६. सामूत एका अंकाचा फरक म्हणजे आम्लता दहापट. माती तासाभरात अशी बदलत नाही. मी खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवला, त्याचा सामू ८.३ च्या आसपास असतो. काटा ५ च्याही खाली, आम्लाच्या टोकाला गेला! साध्या मिठाच्या पाण्यातही तेच.

कारण समजल्यावर मला खरोखर राग आला. दोन वेगवेगळे धातू ओल्या मातीत गेले की एका छोट्या सेलसारखा किंचित प्रवाह तयार होतो, आणि काटा तो प्रवाह दाखवतो. ओल वाढली, क्षार वाढले, दांड्यांभोवती माती घट्ट बसली, की प्रवाह वाढतो. त्याच प्रवाहावर एका बाजूला ओलाव्याचे आणि दुसऱ्या बाजूला पीएचचे आकडे छापले आहेत. प्रयोगशाळेत सामू मोजतात तो काचेच्या इलेक्ट्रोडने, एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळून, आणि त्याआधी ज्ञात सामूच्या द्रावणांत यंत्र जुळवून घेतात. या मीटरमध्ये जुळवण्याची सोयच नाही.

विक्रेत्याला सोड्याच्या पाण्याचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, दांड्या घासून घ्या. घासल्या. मग म्हणे मीटर द्रवासाठी नाही. मग कोरड्या, ओल्या मातीचे आकडे पाठवले. शेवटी मीटर बदलून दिला, आणि नव्याचं वागणंही अगदी तसंच. म्हणजे माझा नग खराब नव्हता, हेच कळलं.

मग माती तपासायला दिली, जे पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं. वरचा पालापाचोळा बाजूला सारून, सात-आठ ठिकाणी व्ही आकाराचे १५ सेंटीमीटरचे खड्डे घेऊन त्यांच्या कडेची माती काढली, सावलीत वाळवली, एकत्र केली. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवली. अहवालात सामू ८.३, विद्युत वाहकता कमी, सेंद्रिय कर्ब कमी, मुक्त चुनखडी भरपूर. चुनखडी तर फुकटात कळली असती. चिमूटभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकलं आणि ती फसफसली. चार महिने ही माती माझ्या समोर होती आणि मी काट्याकडे बघत होते.

इतकी चुनखडी असताना गंधक टाकून सामू खाली आणायचा नाद मी सोडला. गंधकाचं आम्ल जिवाणू करतात, त्याला महिने लागतात, आणि झालेलं आम्ल चुनखडीच खाऊन टाकते. लोह ईडीडीएचए स्वरूपात मातीतून दिलं (हे संयुग लोहाला धरून ठेवतं, म्हणून ते विरघळलेलं राहतं), कारण त्याच कामाचं स्वस्तातलं ईडीटीए या सामूला टिकत नाही. पिवळी पानं होती तशीच राहिली, पण नवी हिरवी आली. एक जास्वंद वाचली.

इथपर्यंत लिहिलं असतं तर मी मीटर घेऊच नका म्हटलं असतं. पण पाचव्या महिन्यापासून मी तो फक्त ओलाव्यासाठी वापरते आहे आणि मत बदललं आहे. लिंबाच्या कुंडीत वरची माती कोरडी, भेगाळलेली दिसायची, मी पाणी घालायचे, आणि १५ सेंटीमीटर खाली काटा ९ वर! मुळं कायम ओलीत होती. वाफसा, म्हणजे मातीतली ओल बेताची झाली की नाही, ते वरून कळतच नव्हतं. आता काटा ३ ला आला की बोट घालून खात्री करते आणि मगच पाणी. लिंबाची पानगळ थांबली.

आकडा मात्र त्या-त्या कुंडीपुरताच धरा. खत दिल्यावर तो जास्त ओल दाखवतो, कोकोपीटच्या पोकळ मिश्रणात कमी. दगड लागला तर जोर देऊ नका, दुसरीकडे खुपसा. दांड्या मातीत सोडून जाऊ नका, गंजतात. मी एकदा रात्रभर विसरले, तर दुसऱ्या दिवशी घासेपर्यंत काटा हललाच नाही. प्रकाशाचं बटण मी तीनदा वापरलं असेल.

ओलाव्यासाठी पाचपैकी चार. पीएचला शून्य, आणि डब्यावर पीएच छापल्याबद्दल माझी तक्रार कायम आहे. त्या आकड्यांवर मी पट्टी लावली आहे, घरातलं दुसरं कुणी बघून फसू नये म्हणून. आज सकाळी लिंबाच्या कुंडीत काटा ५ वर होता, पाणी दिलं नाही.