दाढा उघड्या ठेवून काढलेला एक्स-रे आणि 'एएनबी ७'

लेकीचे वरचे दात पुढे आलेत म्हणून नागपुरातल्या एका मोठ्या डेंटल क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरांनी नीट तोंड बघायच्या आधीच कवटीचा बाजूने एक्स-रे, म्हणजे लॅटरल सेफ, काढून झाला. मग काउन्सेलर बाईंनी रंगीत रिपोर्ट समोर ठेवला. त्यात लाल अक्षरांत 'एएनबी ७'. "खालचा जबडा फार मागे आहे. आत्ता इम्पोर्टेड अप्लायन्स लावलं नाही, तर अठराव्या वर्षी जबडा कापून पुढे आणावा लागेल. आज बुक केलं तर सूट." सातवीतली पोर शेजारी बसून हे ऐकत होती. चाळीस हजार आगाऊ घेतले. एक्स-रेची कॉपी मात्र देईनात, भांडून मिळवली.

ती घेऊन शासकीय दंत महाविद्यालयात गेले. तिथल्या डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ताई, मागच्या दाढा बघा, टेकलेल्याच नाहीत." वरच्या-खालच्या दाढांमधली काळी फट मलाही स्वच्छ दिसली. नाकाच्या मुळाशी एक बिंदू धरतात. तिथून वरच्या जबड्यावरच्या 'ए' आणि खालच्या जबड्यावरच्या 'बी' बिंदूंपर्यंत रेषा ओढल्या की मधला कोन म्हणजे एएनबी. स्टायनर यांच्या १९५३ च्या पद्धतीत तो साधारण २ अंश धरतात. तोंड उघडं असलं की खालचा जबडा खाली-मागे फिरतो, 'बी' मागे सरकतो आणि कोन फुगतो. म्हणून हा एक्स-रे दाढा मिटून, ओठ सैल सोडून, मान सरळ ठेवून काढायचा असतो.

पुन्हा काढला. एएनबी ४ आला. नाकाच्या मुळाचा बिंदू पुढेमागे असला तरी हा कोन बदलतो, त्यामुळे त्यांनी 'विट्स'ही मोजलं. जेकबसन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत ए आणि बी पासून दात चावतात त्या रेषेवर लंब टाकतात. त्या दोन लंबांमधलं अंतर १ मिमी निघालं, म्हणजे दोन्ही जबडे जवळपास सरळच. त्याच एक्स-रेत दिसणाऱ्या मानेच्या मणक्यांवरून तिची वाढ बाकी आहे हेही त्यांनी दाखवलं. साध्या तारांचं काम. ऑपरेशनचा विषयच नाही, आणि बारा वर्षांच्या मुलीला ती भीती घालणं मला अजिबात माफ करता येत नाही.

क्लिनिकचं उत्तर एवढंच, की आकडा सॉफ्टवेअरने काढलाय. पण तिथे गेलेल्या ओळखीतल्या एका मुलाच्या एक्स-रेतही दाढा तशाच उघड्या निघाल्या, आणि त्यालाही तेच अप्लायन्स विकलं होतं.

तुमच्या मुलांचा सेफ काढला तर कॉपी घ्या, आधी दाढा बघा. ट्रीटमेंट ठरवणारी व्यक्ती ऑर्थोडॉन्टिक्समधली, म्हणजे वाकडे दात-जबडे सरळ करण्याच्या शाखेतली, एमडीएस (दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी) आहे का, तेही विचारा. असंच झालं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आमचे पैसे अजून परत आलेले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीला दोन्ही एक्स-रे जोडले आहेत.