इंडियन हेड की लिंकन: पहिला संच कोणता?

अमेरिकन नाणी जमवायला सुरुवात करताना हा प्रश्न पडतोच. १९०९ साली अमेरिकेत एक सेंटची दोन तऱ्हेची नाणी पाडली गेली. आधी जेम्स लॉन्गेकरनं रेखाटलेलं जुनं इंडियन हेड, म्हणजे डोक्यावर पिसांचा साज ल्यालेली लिबर्टी, अर्थात स्वातंत्र्यदेवी. मग ऑगस्टमध्ये, लिंकनच्या जन्मशताब्दीचं निमित्त साधून, व्हिक्टर ब्रेनरनं रेखाटलेला लिंकन बाजारात आला. धातू तोच, ९५ टक्के तांबं. व्यासही तोच, १९ मिलिमीटर. जमवण्याची गंमत मात्र अगदी वेगळी.

नव्या माणसाला मी इंडियन हेडच सुचवेन. १९०० ते १९०९ एवढाच तुकडा धरला तर संच बारा नाण्यांचा. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीची दहा सहज मिळतात. अडतं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन नाण्यांपाशी, १९०८ आणि १९०९. दुसरं तर अवघं ३,०९,००० पाडलं गेलं. त्यावरचं 'एस' हे टांकसाळीचं अक्षर मागच्या बाजूला, पानांच्या वेढ्याखाली असतं. म्हणून फोटो पाहून घेताना पाठ बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दर्जा कळतो पुढून: कपाळपट्टीवरची 'लिबर्टी'ची सातही इंग्रजी अक्षरं वाचता आली तर नाणं चांगलं.

लिंकनचा, मागे गव्हाच्या ओंब्या असलेला संच १९५८ पर्यंत चालतो, दीडशेच्या आसपास नाणी. शोधाची हौस असेल तर वर्षानुवर्षं पुरेल, आणि सुरुवात अगदी स्वस्तात होते. पण खिंडी अवघड आहेत. ब्रेनरची 'व्हीडीबी' ही आद्याक्षरं फार ठळक वाटतात म्हणून ओरड झाली आणि लगेच काढली गेली. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोची ती अक्षरं असलेली नाणी ४,८४,००० वरच थांबली. १९१८ मध्ये ती अक्षरं बारीक होऊन लिंकनच्या खांद्यापाशी परतली, आणि हीच खूण १९१४ च्या डेन्व्हर नाण्याची नक्कल ओळखायला उपयोगी पडते. लबाड लोक १९४४ मधला पहिला चार कोरून त्याचा एक करतात. भिंगाखाली खांद्यावर 'व्हीडीबी' दिसलं तर ते १९१४ चं असूच शकत नाही. शिवाय नऊ आणि एक यांच्यात जरा जास्तच जागा उरलेली दिसते.

घरातला तांब्या चिंचेने लख्ख करायची आपल्याला सवय. इथे हात आवरा. दोन्ही संचांत घासलेल्या नाण्याची किंमत पडते. जुनं, गुलाबी चकाकणारं नाणं कोणी स्वस्तात देत असेल तर बहुधा ते घासलेलंच असतं. त्यापेक्षा एकसारखं तपकिरी घ्या.