शॉकअपच्या नावावर 15,800 रुपये गेले. नागपूरकरांनो, गाडी गॅरेजवर सोडून येऊ नका

चार दिवस झाले, झोप लागत नाही. पैशांपेक्षा जास्त लागतं ते हे, की डोळ्यांसमोर झालं आणि मी मान हलवत उभा राहिलो.

माझी 2014 ची स्विफ्ट. मानेवाड्याकडे सिमेंट रोडवरून गल्लीत उतरताना, पेव्हरच्या कडेवर, समोरच्या डाव्या चाकाकडून खट्खट् वाजायचं. गाडी हळू असताना आणि लहान खड्ड्यातच. मोठ्या खड्ड्यात आवाज नाही. भाचा हिंगण्याच्या एमआयडीसीत फिटर आहे. तो फोनवरच म्हणाला होता, "मामा, लिंक रॉड असेल. रविवारी येतो, घरीच बदलून टाकू." लिंक रॉड म्हणजे चाकामागची छोटी जोडदांडी.

मी थांबलो नाही. शनिवारी यवतमाळला सासऱ्यांची तेरवी होती, गाडीत म्हातारी आई बसणार होती. आणि सस्पेन्शनला, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या भागांना, घरी हात लावायची भीतीही होती. ती भीती चुकीची नव्हती. स्ट्रटवरची, म्हणजे समोरच्या शॉकअपवरची, स्प्रिंग दाबलेली असते, तिला दाबून धरणारा कॉम्प्रेसर न लावता वरचा नट सोडला तर ती माणसाचं तोंड फोडू शकते. ते काम घरी कोणी करू नये, आजही सांगतो. पण लिंक रॉड बदलायला ती स्प्रिंग खोलावी लागत नाही. दोन टोकांना दोन नट, पाना, मधला खिळा फिरू नये म्हणून ॲलन की, आणि गाडीखाली नुसता जॅक नाही तर पक्के स्टँड. एवढंच काम. हा फरक मला तेव्हा माहीत नव्हता.

रिंग रोडलगतच्या एका गॅरेजमध्ये शुक्रवारी सकाळी गेलो. पोराने गाडी जॅकवर घेतली. मालकाने चहा मागवला, "काका, आत पंख्याखाली बसा." दहा मिनिटांनी हाक आली. चाक काढलेलं होतं. त्याने शॉकअपवर बोट फिरवून मला दाखवलं. तेल चमकत होतं.

"हे पहा काका, ऑइल सोडून राहिला. दोन्ही बाजूंनी. हायवेवर गाडी हातातून जाईन."

तिथे मला कळायला हवं होतं. त्या बोटाला तेल लागलं होतं, पण धूळ लागली नव्हती! नागपूरच्या धुळीत महिनोन्‌महिने गळणाऱ्या शॉकअपवर काळा, घट्ट चिखलाचा थर बसतो, कपड्याने पुसला तरी निघत नाही. हे तेल पातळ होतं, स्वच्छ होतं, शेजारच्या ब्रेकच्या पाइपवरही त्याचे थेंब होते. शॉकअप गळतो तो वरच्या सीलमधून. तिथलं रबराचं बूट, म्हणजे सीलवरचं आवरण, कोरडं ठणठणीत होतं, धुळीने पांढरं. म्हणजे तेल बाहेरून लावलेलं होतं. मी ते पाहिलं. माझी नजर त्या पांढऱ्या धुळीवर गेली होती, हे मला आजही स्पष्ट आठवतं. तरी डोक्यात तेरवी, आई आणि हायवे. मी विचारलं फक्त, "किती लागतील?"

शॉकअप दोन 6,900, माउंट (शॉकअपला वर धरणारं रबर) दोन 1,700, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) दोन 3,800, मजुरी 2,800, अलाइनमेंट (चाकं सरळ लावणं) 600. सकाळी 8,000 यूपीआयने, संध्याकाळी उरलेले 7,800. बिल मागितलं तर वहीचा कागद फाडून दिला. जुने पार्ट मागितले तर एका पोत्यातले दोन मळके शॉकअप दाखवले. त्यांच्या खालच्या टोकाला गोल रिंग होती. ते मागच्या चाकाचे होते! समोरच्या स्ट्रटला खाली दोन बोल्टची पट्टी असते. अलाइनमेंटचा आधीचा-नंतरचा छापील कागद मागा, मशीन तो देतं. मला दिला नाही, मी मागितला नाही.

यवतमाळला जाताना आवाज तसाच. रविवारी भाच्याने चाक काढलं आणि गप्प झाला. मग नखाने शॉकअप खरवडला. काळा रंग निघाला, खाली माझाच जुना, गंजलेला शॉकअप. रंगाचे शिंतोडे ब्रेकच्या रबरी पाइपवरही उडालेले. लोअर आर्मही जुनेच, नुसते धुऊन रंगवलेले. बोनेट दाबून सोडलं तर गाडी एकदा वर येऊन थांबली, म्हणजे जुने शॉकअप चांगलेच होते. लिंक रॉड हाताने हलवला, टक्‌टक् वाजला. जोडी 1,140 रुपयांना आणली, अंगणात दीड तासात बसवली. आवाज बंद.

गॅरेजवाला म्हणाला, "काका, तुमच्या भाच्याने बदलले असतील."

पोलीस चौकीत गेलो. "हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा." अर्ज तरी घ्या म्हटलं, तर साहेब नाहीत, उद्या या. उद्या गेलो तर परवा. एका कार्यालयात सांगितलं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. दुसऱ्यात सांगितलं, सगळं ऑनलाइन आहे, इथे कशाला आलात. फोनवर तक्रार नोंदवली, तिसऱ्या दिवशी मेसेज आला, तक्रार बंद. कोणी गॅरेजवाल्याला एक फोन केला नाही. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "पक्कं बिल आहे का?" अहो, बिल दिलं नाही हीच तर माझी तक्रार आहे! ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, ते मी वाचून गेलो होतो. खिडकीमागच्या माणसाने ते वाचलेलं नव्हतं, आणि मला मात्र चारचौघांत खोटा पाडल्यासारखं वाटलं.

यूपीआयची पावती पाहा, पैसे गॅरेजच्या नावावर जातात की कोणा माणसाच्या. माझे माणसाच्या नावावर गेले. नवीन पार्टचा डबा आपल्यासमोर फोडायला लावा, रिकामा डबा घरी आणा. जुन्या पार्टवर गाडी देण्याआधीच खडूने खूण करा, फोटो काढा.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रारीला 2 वर्षांची मुदत आहे. अर्ज लिहून झाला आहे, सोबत वहीचा तो कागद, यूपीआयच्या दोन्ही नोंदी आणि भाच्याने काढलेले फोटो. बायको म्हणते गाडी धुवायला द्या, किती धूळ झाली आहे. देत नाही. चाकामागचा तो काळा रंग आहे तसा राहिला पाहिजे.