दिल्लीत एकच संध्याकाळ मोकळी असेल तर: जामा मशीद की कॅनॉट प्लेस?

कामानिमित्त वर्षातून तीन-चारदा दिल्लीला जाणं होतं आणि दर खेपेला हाती एकच संध्याकाळ मोकळी मिळते. ती कुठे घालवायची हा प्रश्न मी बरेचदा सोडवलाय, कधी चांगला, कधी चुकीचा. दोन्ही ठिकाणं तशी जवळ आहेत. चावडी बाजार ते राजीव चौक, मेट्रोची जेमतेम दोन स्टेशनं. तरीही एकाच संध्याकाळी दोन्ही उरकायचं म्हटलं की धड कुठेच जेवण होत नाही.

नुसत्या चवीचा विचार केला तर निकाल जामा मशिदीच्या बाजूने लागतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मशिदीच्या एक नंबरच्या दरवाज्यासमोर मटिया महलचा बाजार सुरू होतो. तिथल्या गल्ली कबाबियांमध्ये १९१३ पासून चालत आलेलं करीम्स आहे, जवळच अल जवाहर आहे. खमिरी रोटीचा तुकडा कोरम्यात बुडवला की वर दिसणारा तवंग आपल्या तर्रीसारखा जाळ करत नाही, मसाला जिभेवर मागाहून सावकाश उमलतो. असा कोरमा मला दुसरीकडे मिळालेला नाही. बिलही सहसा हलकंच होतं. दारू तिथे मिळत नाही. बरोबरचे लोक शाकाहारी असतील तर मात्र इकडे येण्याचा आग्रह धरू नका. एखादी भाजी किंवा डाळ मिळते, पण त्यासाठी एवढ्या गर्दीत शिरण्यात अर्थ नाही.

कॅनॉट प्लेसमध्ये मी मुद्दाम जुन्या रेस्टॉरंटांबद्दल बोलतोय. युनायटेड कॉफी हाऊस १९४२ चं. उंच छत, झुंबरं, आणि चीज बॉल्सपासून चिकन अ ला कीवपर्यंत पसरलेला जुन्या वळणाचा मेनू. रीगलच्या इमारतीतलं क्वालिटी साधारण त्याच काळातलं, तिथले छोले-भटुरे खरोखर नावाजण्यासारखे आहेत. या मेनूतलं सगळंच थोर असतं असं मी म्हणणार नाही. काही पदार्थ नुसते बरे असतात आणि त्या मानाने पैसे जास्त वाटतात.

त्याच वर्तुळातले नवे पब मी यादीतून काढून टाकलेत. एका ठिकाणी नऊनंतर गाणी इतकी मोठ्याने लावली की समोर बसलेल्या मित्राशी मोबाइलवर टाइप करून बोलावं लागलं. सहा वर्षांनी भेटत होतो आम्ही. तुम्हाला नाचायचंच असेल तर गोष्ट वेगळी. फक्त बरोबर कॉलेजातली पोरं असतील तर ध्यानात ठेवा, आपल्याकडे बिअरला २१ चालतात, दिल्लीत वयाची अट २५ ची आहे.

माझा कौल ज्या गोष्टीने फिरवला ती मात्र जामा मशिदीकडे घडली. दोन हिवाळ्यांपूर्वी मामांना घेऊन गेलो होतो. वय सत्तरीपुढे, दात कमी, जेवण संथ. टेबल मिळालं, जेवण अप्रतिम होतं. पण पहिली रोटी संपायच्या आत मागे चौघांचं कुटुंब येऊन उभं राहिलं. त्यातल्या एकाने मामांच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि तो काढलाच नाही. थोड्या वेळाने न मागता बिल समोर आलं. मामा काही बोलले नाहीत. अर्धी रोटी तशीच ठेवून उठले.

पंगतीत वाढणारा ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो आणि शेवटच्या माणसाचं आटोपेपर्यंत कुणी उठत नाही, अशा घरात मी वाढलो. त्यामुळे ती अर्धी रोटी माझ्या मनातून जात नाही. दोष त्या मागच्या कुटुंबाचा नव्हता, तेही भुकेलेले होते. जागा थोडी, माणसं अफाट, आणि असं मागे उभं राहणं तिथे बहुधा कुणाला खटकतही नसावं. तुम्ही आडवारी दुपारी चारला गेलात तर कदाचित निवांत बसाल. संध्याकाळी आठला, माझ्या अनुभवात, तसं एकदाही झालेलं नाही.

त्याच मामांना पुढच्या वर्षी कॅनॉट प्लेसला नेलं. सव्वादोन तास बसलो. जेवण संपल्यावर कॉफी मागवली, मग आणखी एकदा. त्यांनी आजोळच्या जमिनीची सगळी हकिगत सांगितली, जी मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली. वेटर दोनदा येऊन फक्त पाण्याचे ग्लास भरून गेला.

तेव्हा एकटे असाल किंवा भुकेलेल्या तरुण मंडळींबरोबर असाल, तर बेलाशक मटिया महल गाठा. कुणाशी बोलायचं राहून गेलं असेल तर माझं मत कॅनॉट प्लेसला. हिवाळ्यात मी स्वतः थोडी मधली वाट काढतो. निहारी, म्हणजे मंद आचेवर शिजवलेला मांसाचा रस्सा, मुळात सकाळचीच, नावातला ‘नहार’ म्हणजे दिवस. तेव्हा लवकर उठून, गल्ल्या धुक्यात असतानाच एकटा मटिया महलला जाऊन ती खातो. त्या वेळी मागे कुणी उभं नसतं. संध्याकाळ मग माणसांसाठी मोकळी राहते.